देठावरची लव

ओनीच्या पोलिसांनी पाठवलेली बरणी.
झाकणावर अजून बाईमाणसाचं जुनं अक्षर:
आंबट आलुबुखार, गेल्याच्या गेल्या वर्षीचं.
आत उकडलेली पालेभाजी. अक्रोडाचं वाटण, लसूण,
आणि ते हिरवं, जे खाऊन
बोंदो लोब्झानिद्झेचे पाय आधी जड झाले,
मग मांड्या, मग छाती.
पहाटेपर्यंत शुद्धीवर होता म्हणे.

आमच्याकडे बर्फ उतरला की घिमी खुडतात.
उपासाचे दिवस, कोठारात काही उरलेलं नसतं,
कोवळा देठ सोलून पोरं कच्चाच खातात.
हसण्याला आम्ही घिमिली म्हणतो.
दोन शब्दांचं काही नातं आहे का, मला ठाऊक नाही,
माझं काम पानांचं.

आणि पानांत नातं आहेच.
घिमी आणि ती दुसरी, विषाची,
एकाच कुळातल्या चुलत बहिणी:
तीच झालर पानांना, तीच पांढरी छत्री फुलांची,
देठावर तसेच जांभळे शिंतोडे.

चौदा तुकडे निघाले.
धुतले, रंग उतरवला, काचेवर पसरले.
शिजल्यावर चव जाते, आकार जातो,
पानाची वरची साल तेवढी चिवट,
पोटातूनही शाबूत निघते कधीकधी.
रंध्रं पाहिली. दोघींची सारखीच,
अर्धवट उघडे ओठ, नाव सांगत नाहीत.
पेशींच्या भिंती नागमोडी, त्याही सारख्याच.

मग लव.
घिमीच्या देठाला असते, खालच्या अंगाला राठ.
केस गळून गेला तरी त्याचं मूळ राहतं,
भोवती पेशींचं रिंगण,
खांब उपटलेल्या जागेसारखं.
अकरा तुकड्यांवर रिंगणं होती.
तिघांवर काही नव्हतं. पुन्हा पाहिलं.
दिवा बदलून पाहिलं.
नुसता गुळगुळीत पसारा, वाऱ्याने पुसल्यासारखा.

केसाने गळा कापतात, असं म्हणतात.
इथे नसलेल्या केसाने कापला.

नानुली, त्याची बायको, व्हरांड्यात बसली होती.
तिने सगळ्यांना वाढलं, तिच्या पानात आलं नाही,
भांडं तोवर खरवडून झालं होतं.
म्हणाली, साठ वर्षं खुडतेय मी.
डोळ्यांनी नाही गं, डोळे फसतात.
देठ धरायचा आणि अंगठा खालून वर न्यायचा,
खरखरला तर टोपलीत.
आईने असंच शिकवलं, अंधारात, माझे डोळे झाकून.

मी विचारलं, मग या वेळी?

तिने हात पुढे केले.
कुताइसीच्या डॉक्टरने साखर सांगितली होती,
हिवाळ्यापासून बोटांची टोकं बधिर.
चुलीवरचं झाकण नुसत्या हाताने उचलते,
घरात वाटायचं, काय कणखर बाई.
कुणाला बोलली नव्हती.

अहवालात रकाने असतात:
नमुना, वर्धन, रंध्रं, लव, निष्कर्ष.
मी ते भरले. खाली बरीच जागा उरली.

तिला यंत्राशी आणलं, का ते सांगता येणार नाही,
नियमात बसत नाही.
तिने डोळा लावला, श्वासाने भिंग धुकटलं,
मी पुसून दिलं. आधी रिंगणांची काच,
मग दुसरी.
बराच वेळ पाहत राहिली.
मग अंगठा काचपट्टीवर ठेवला,
खालून वर नेला, हळूच,
आणि विचारलं,
यातली मी खुडलेली कुठली?