डावा पंखा

आधी फक्त कॅबिनेट घेतलं. रिकामं.
कणकवलीहून एसटीत मांडीवर ठेवून आणलं.
कंडक्टर म्हणाला, आत काय?
म्हटलं, अजून काही नाही.
तरी त्याने सामानाचं तिकीट फाडलंच.

तारामुंबरीत आमची खोली खाडीच्या अंगाला.
खिडकीच्या गजावरून हात फिरवला
की तळवा तांबूस होतो.
अशा हवेत कोण उघडं लोखंड मांडून बसतं,
असं आई म्हणाली नाही,
नुसती जुन्या परकराची खोळ शिवून दिली.

मी बर्फाच्या कारखान्यात पावत्या फाडते.
पावतीच्या पाठीवर भाव लिहीत गेले:
प्रोसेसर सहा कोअरचा, गेल्या पिढीतला.
रॅम सोळा. खोडून आठ.
बांगडा बरा लागला त्या महिन्यात
आठ अधिक आठ.
एक पावती चुकून गिऱ्हाइकाकडे गेली.
सुभान खलाशी दुसऱ्या दिवशी विचारत आला,
मदरबोर्ड म्हणजे कुठली लादी गो?

बाबा लाँचची इंजिनं खोलतात.
पॉवर सप्लायमध्ये हजार रुपये वाचवते म्हटलं
तर पाना खाली ठेवून म्हणाले,
"डिझेल येवची नळी कधी सवाय घेव नये."
ग्राफिक कार्डाचा आकडा ऐकून म्हणाले,
"इंजिन मोठा नि होडी बारीक,
मगे काय फाटता? होडीच."
बॉटलनेकवर मी चार रात्री व्हिडिओ बघितले होते.

कार्ड कोल्हापूरच्या एका मुलाचं, वापरलेलं.
तो परीक्षेला बसणार होता म्हणून विकत होता.
खोक्याला उदबत्तीचा वास.
बसेना. दोन बोटं लांब.
बाबांनी हॅकसॉने आतली चौकट कापली,
कानशीने धार मारली, फुंकर घातली,
आणि लोखंडाचा कीस लुंगीत गोळा करून
बाहेर माडाच्या आळ्यात टाकला.

थर्मल पेस्ट मात्र मीच लावली.
तांदळाच्या दाण्याएवढी.
"इतक्याशा?" ग्रीस मुठीने थापणारा माणूस.

संध्याकाळी सातला कारखान्याचा कॉम्प्रेसर लागतो.
वाडीतले सगळे दिवे एकदा डोळे मिटतात,
सात वाजून एक मिनिटाने मी मरते.
पलीकडे कोण कुठला, बहुधा इंदूरचा,
हसतो हेडफोनमध्ये.
त्याला काय सांगू
की ज्या यंत्राने मला मारलं
त्याच यंत्राच्या पगारावर मी खेळते.
पुढल्या महिन्यात यूपीएस.
कीबोर्डवरचे रंगीत दिवे राहिले ते राहिलेच.

बुटांच्या दुकानातून सिलिका जेलच्या पुड्या मागून आणते,
कॅबिनेटच्या तळाशी ठेवते,
दर पंधरवड्याला तव्यावर भाजते.
तरी मागचे दोन स्क्रू गंजले.
तिसऱ्याला नेलपॉलिश लावलंय.

यंदा बंदीच्या दिवसांत बाबांकडे अकरा इंजिनं आली
आणि मी नवं कार्ड घेतलं.
जुनं बर्फाच्या गाडीवाल्या झुबेरच्या मुलाला,
फुकट नाही, दोनशे रुपये महिना.
फुकटातलं कार्ड कोणी पुसत नाही.

खरं सांगायचं तर पाण्यासाठी घेतलं.
गेममधल्या पाण्यासाठी.
जुन्या कार्डावर समुद्र म्हणजे हिरवी ताडपत्री.
आता उन्हाची तिरीप लाटेच्या आतून जाते,
फेस फुटतो, खडकावरून ओघळतो,
आणि फ्रेम साठाखाली येत नाही.
दार उघडलं की वीस पावलांवर खाडी.
हे मला कोणी म्हणायच्या आधी
मीच म्हणून घेतलं.

बाबांना बोलावलं. सगळं वर चढवून ठेवलं,
सावल्या, प्रतिबिंबं, एकूण एक.
ते स्टुलावर बसले, हात चिंधीला पुसत.
पडद्यावर गलबत वळलं, सूर्य पाण्यात सांडला.
बाबांनी डोळे मिटले.
मान थोडी कलती केली,
लाँचवर करतात तशी.

"डावो पंखो," म्हणाले,
"बेअरिंग खाता हा.
महिनाभर चलात."

गेम बंद केला. कॅबिनेट उघडलं.
तळाच्या पुडीला कान लावावा तसं वाकून ऐकलं.
मला काहीच ऐकू आलं नाही.

आज पावतीच्या पाठीवर लिहिलंय:
पंखा, एकशेवीस मिलिमीटर, एक.