इंचभर

फरश्या सावंतवाडीहून आल्या, टेम्पोतून,
पेंढ्यात गुंडाळलेल्या, दुधात केशर फिरवल्याच्या रंगाच्या.
मोरीतला जुना तांबडा कोबा उखडायचा की नाही
यावर घरात फार बोलणं झालं नाही.
"फोडायचं कशाला, वरच बसवू," हे म्हणाले.
आमच्याकडे बऱ्याच गोष्टी अशाच बसल्यात.

चौथ्या दिवशी कमोडच्या बुडाशी
पाण्याची एक कोर दिसली, नखाएवढी.
मी पुसली. परत आली.
हे म्हणाले, अंघोळीचं असेल.
रात्री दोनला कोण अंघोळ करतं?
मग म्हणाले, घाम असेल,
नव्या फरशीला घाम येतो.
शिरोड्याच्या मिठागरात पंचवीस वर्षं मुकादमी केलेला माणूस,
वाफ्यात बोट बुडवून
मीठ कधी धरेल ते सांगणारा,
आणि घरातलं पाणी त्याला ओळखू येईना.

मी टाकीत नीळ टाकली,
कपड्यांची, चार थेंब.
कळ दाबली आणि दाराशी पाट घेऊन बसले.
कोर आली. निळी.
हाक मारली नाही, दार उघडं ठेवलं फक्त.
हे आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला,
बराच वेळ वाकून बघत राहिले.
"इनासला फोन कर."

इनास आरोंद्याचा.
मुलीला शाळेत सोडून उशिरा आला,
स्कूटरच्या पायाशी करवत, पाईपचे तुकडे.
एक बोल्ट गंजलेला होता, त्याला खोबरेल पाजलं,
शिवी दिली, मग माझ्याकडे बघून जीभ चावली.
कमोड दोन्ही हातांनी उचलला
आणि गाभण शेळी उतरवावी तसा अंगणात ठेवला.
शेजारची शेवंती दोनदा काही न विचारता येऊन गेली.

खाली भोक. भोकात पाईप.
इनासने काडेपेटी उभी धरून माप घेतलं.
"बाय, जमीन वर इली,
पाईप थयच रवलो."

हे उंबऱ्यावर उभे होते.
मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.
लग्नाला एकतीस वर्षं झाली
की कुठे बघायचं नाही ते कळतं.

दोन फरश्या फोडाव्या लागल्या.
खालून कोबा निघाला, तसाच तांबडा,
आणि त्यात, मी विसरलेच होते,
ओल्या सिमेंटवरून चालत गेलेल्या
आमच्या टिप्याची पावलं. चार, आणि एक अर्धं.
तेव्हा गवंडी थापी फिरवायला निघाला
तर ह्यांनीच त्याचा हात धरला होता.

फोडायचं कशाला.

इनास छिन्नी घेऊन थांबला. "ह्या काढू?"
"तेवढं सोडून कर," हे म्हणाले, खोलीकडे जाता जाता.

त्याने पाईपला इंचभर गळा जोडला,
रबराची कडी, वर पांढरं सिमेंट.
पैसे घेतले, आगळाची बाटली घेतली,
आणि सांगून गेला, एक दिवस वापरू नका.
तो दिवस आम्ही शेवंतीकडे काढला,
आळीपाळीने, हातात आपापली बादली घेऊन,
वाटेत भेटलो तर जरा बाजूला होत.

तिसऱ्या रात्री मी उठले.
दिवा न लावता पायाचा अंगठा टेकवून बघितला,
डावीकडे, उजवीकडे, मागे जिथे हात पोचत नाही तिथे.
खोलीतून आवाज आला, "आहे?"
"नाही."
"नीट बघितलंस?"
"नाहीये."
खाटेने एकदा कूस बदलली.
मी आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिले,
अनवाणी, त्या पावलांवर.