विचारलंत म्हणून

विचारलंत म्हणून सांगते, एरवी गप्पच असते मी.
ताम्पेरेच्या वाचनालयात, तळमजल्यावर,
एकतीस वर्षं तबकड्या देते, तबकड्या घेते.
नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारून येतं,
लोक ओल्या बुटांनी आत शिरतात, चष्मे पुसतात,
म्हणतात, इर्मेली, यंदा काय ऐकावं?

ऐका तर.
'गंजकी शिडी'चा नवा अल्बम नेऊ नका.
चार माणसं, सात गिटारी, गाणं एकही नाही.
नाकापेक्षा मोती जड.
त्यांचा सोलो सुरू झाला तेव्हा मी बटाटे सोलायला घेतले,
संपला तेव्हा ते उकडून निवले होते.
कव्हर मात्र देखणं आहे.
भिंतीवर लावा, सुईखाली नको.

'रिकामी ट्राम' न्या.
औलूकडच्या तीन मुली. ड्रमवरची जेमतेम एकोणीस,
पण ठोका असा देते
की कुणी दार उघडत नाहीये
आणि हिला पक्कं ठाऊक आहे, आत माणूस आहे.
दुसरी बाजू आधी लावा.
पहिली त्यांनी कंपनीसाठी केलीय, दुसरी स्वतःसाठी.
मला हे कुणी सांगितलेलं नाही.
ऐकू येतं.

सिनेमा म्हणाल तर 'सहा विहिरी' पाहा, पण जेवून जा.
तीन तास. शेंडा ना बुडखा.
विहिरी पाचच आहेत, मी मोजल्या.
सहावीसाठी पुन्हा तिकीट काढलं, तरी पाचच.
तिसऱ्यांदा शनिवारी जाणार आहे.

'तळ्याकाठचा दंतवैद्य' बघून पिर्क्को ढसाढसा रडली.
मी नाही.
माणूस दुःखी आहे हे कळायला
त्याला पावसात कशाला उभा करायचा?
दुःखी माणूस कोरडा असतो.
गिरणी बंद झाली त्या आठवड्यात वडिलांना पाहिलंय मी:
दाढी घोटलेली, शर्टाला इस्त्री,
काळ्या सॉसेजवर लिंगनबेरीचा जाम
कडेपर्यंत नीट पसरत बसलेले.
पिर्क्को म्हणाली, काळीज दगडाचं आहे तुझं.
असेल.
दगडावर सुरीला धार तरी लावता येते.

आणि यूसोचं विचारू नका.

विचारलंत?
माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो.
पहाटे बेकरी, दुपारी झोप, संध्याकाळी गिटार.
ऑगस्टात स्वतःच्या पैशांनी काढलेली तबकडी घेऊन आला,
भट्टीतून आत्ताच काढल्यासारखी
दोन्ही हातांनी धरून.
म्हणाला, खरं सांगा.

मला खरं सांगायची खोड आहे.
तिसरं गाणं दोन मिनिटं जास्त झालंय, म्हटलं.
शेवटी नुसता एकच सूर घोळवत बसतोस,
पाहुणा निघतो निघतो म्हणत
दारात हातमोजा शोधत राहतो, तसा.
त्यानं मान डोलावली. आभारसुद्धा मानले.
तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटला की
मजल्यांचे आकडे वाचत असतो. आमच्या इमारतीला चारच मजले.

परवा रात्री छतातून तेच गाणं आलं.
कापलेलं.
मी म्हटलं होतं अगदी तिथंच, सुबक, शिंप्यानं कापावं तसं.
मी बशी पुसत होते.
गाणं संपलं
आणि मी तशीच, फडकं हातात,
पुढची दोन मिनिटं
मान वर करून उभी.
वर खुर्ची सरकली. नळ सुटला. बंद झाला.
हातमोजा कुणीच शोधत नव्हतं.

हो, पहिल्या आवृत्तीची एक प्रत आहे आपल्याकडे.
फळीवर नाही, माझ्या खणात, कात्रीच्या खाली.
ती बाहेर देत नाही.

आणखी काही?
बूट पुसून या जरा, पुढच्या खेपेला.