रोल भरल्यावर

शिवणयंत्राच्या पाटावर स्कॅनर ठेवलाय.
घरात दुसरी सपाट जागा नाही.
झाकण उघडलं की आधी काच बघायची:
समोरच्या राईस मिलचा कोंडा
खिडकी लावली तरी येतो,
आणि काचेवरचा एक कण म्हणजे पडद्यावर
कुणाच्या तरी गालावर देवीचा व्रण.

बाबांचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा
कॅमेरा विकला गेला, दिवे विकले गेले,
निगेटिव्ह कुणी घेईना.
बिस्किटांचे अकरा डबे. बटर पेपरच्या पुड्या,
पुडीवर बाबांचं अक्षर: नाव, गाव, येणे किती.
एका डब्यात कृषी खात्याच्या स्लाइडी निघाल्या.
कोणता साहेब बदलून गेला आणि विसरला, माहीत नाही.
त्याही लावून बघितल्या.
पडद्यावर खोडकिडा, मांजराएवढा,
धानाच्या पोटातून शांतपणे बघणारा.

पट्टी साच्यात बसवायची. सहा घरं.
चकचकीत बाजू खाली, मंद बाजू वर.
मग झाकणातला दिवा सरकू लागतो,
खाटेखाली पडलेलं काही
कुणी टॉर्च धरून शोधावं तसा.
अकरा मिनिटं.
मधे लाइन गेली तर पहिल्यापासून.

बाबा रोल भरल्याशिवाय धूत नसत.
‘रोल भरू दे,’ म्हणत, आणि लोक थांबत.
म्हणून एकाच रोलात लग्न,
मग विम्याची म्हैस, कानातला बिल्ला दिसेल अशी,
मग शाळेचे उडालेले पत्रे,
मग कुणाचा तरी पाय, चुकून.
निगेटिव्हमध्ये सगळे सारखेच परके:
म्हैस दुधासारखी पांढरी,
नवरीचे केस पिकलेले.

परवा पालांदूरहून सायत्राबाई आल्या.
‘माह्या मायचा फोटो असंन का गा तुह्याजवळ?’
पुडी सापडली. येणे बारा रुपये.
लग्न वैशाखातलं, एकतिसाव्या घरापर्यंत.
छत्तिसावं घर श्रावणातलं:
केजाबाई, अंगणात, बाजेवर बसवलेली,
कपाळभर कुंकू, डोळे मिटलेले,
मागून कुणी मान सावरून धरलीय,
त्याची चार बोटं तेवढी दिसतात.
इथं रोल भरला.
दोन्ही एकाच पाण्यात धुतले गेले.

‘हा हाये माह्याजवळ,’ त्या म्हणाल्या.
‘मेल्यावरचा. दुसरा पाह्य ना.’

दुसरा नव्हता.
रिकाम्या हातानं कसं पाठवायचं,
म्हणून लग्नाची पट्टी लावली.
त्यांच्या घरच्या तसबिरीत जे आहे तेच:
नवरा, नवरी, मागे पांढरी चादर.
पण बाबा छापताना कडा कापत.
स्कॅनरला कापायची अक्कल नाही,
तो घराच्या भिंतीपर्यंत सगळं उचलतो.
चादर संपते तिथे एक मूठ निघाली.
मुठीखाली बांगड्या, घसरून कोपराशी जमलेल्या.
मग दंड. मग ती,
उखळावर टाचा उंचावून उभी,
चादरीचं टोक जेवढं वर जाईल तेवढं धरून,
उन्हानं डोळे बारीक,
आणि कॅमेऱ्याकडे नाही, पोरीकडे बघणारी.

सायत्राबाईंनी पदराच्या शेवटानं
पडदा पुसला. पडदा स्वच्छच होता.
‘चादर आमचीच होती,’ म्हणाल्या.
‘तुह्या बापानं सांगतलं, धरा. तं धरली.
राती म्हने, हात लय दुखते.’

दंडावरून फिल्मला एक ओरखडा गेलाय.
तो मिटवता येतो. मी मिटवला नाही.
‘काढू का छापून?’
‘थांब. तिले थोडीशी इकडं सरकव ना गा,
माह्या बाजूनं.’

सरकवता येतं. पाच मिनिटांचं काम.
मी माउस हातात घेतला,
बांगड्यांच्या कडेनं रेघ ओढायला लागलो,
दंडापर्यंत पोचलो असेन,

‘राहू दे बाप्पा,’ त्या म्हणाल्या,
‘चादर पडंन.’