शेरा

उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात
मला मिळालेली खोली पूर्वी भांडार होती.
दारावर ‘समुपदेशन कक्ष’ रंगवलंय खरं,
पण उन्हं तिरपी झाली की
खालचं ‘भांडार’ वर येतं.
शेजारी शरीररचना विभाग.
फॉर्मेलीनचा वास भिंतीतून आत येतो,
त्याला कुणी अपॉइंटमेंट विचारत नाही.

वही मागितली तर लिपिक म्हणाले, मार्च उजाडेल.
तोवर ओपीडीचं हे जुनं रजिस्टर घ्या.
रकाने छापलेलेच होते :
मालकाचे नाव. जनावर. वय. लक्षणे. उपचार. शेरा.
पहिला रकाना मी मोकळा सोडते.
दुसऱ्यात रेघ मारते.

सरळ कुणी येत नाही.
‘मॅडम, प्रिंटर इथंच आहे का?’
‘नाही.’
‘बरं.’
आणि तिथंच उभे, चपलेनं फरशी उकरत.

एक मुलगी येते. ती डॉक्टरीण होणार म्हणून
वडिलांनी गावभर पेढे वाटले,
कसली डॉक्टरीण, ते मात्र सांगितलं नाही.
आता सुट्टीत गेली की बायका तिला नाडी दाखवतात.
ती दाबून बघते, म्हणते, ठीक आहे.
एक जण नुसता हसतो. शवविच्छेदनाच्या पहिल्या तासापासून
त्याचं हसू थांबलेलंच नाही.

आणि मन्मथ. (नाव ते नाही. तालुकाही तो नाही.)
शेवटच्या वर्षाचा, गोठ्यातले गमबूट घालूनच आलेला.
काय बोलावं सुचेना, तेव्हा मीच विचारलं,
मुक्या जनावराचं दुखणं कळतं कसं तुम्हाला?
‘डाव्या कुशीवर मूठ ठेवायची, मॅडम,
आन् गप ऱ्हायचं.
दोन मिनटात दोन-तीन लाटा आल्या पायजेत.
घाई केली की काईच कळत नाही.’

मग सांगितलं. तुकड्या-तुकड्यानं, मधे पंख्याकडं बघत.
देवणी गाय, पहिलारू, वासरू आडवं.
रात्री दोनपासून खांद्यापर्यंत हात आत.
उजाडता उजाडता दोन्ही गेली.
‘मालकानं हातावर पाणी घातलं, मॅडम. साबण दिला.
म्हन्ले, डॉक्टर, जेवलाव का?
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.’

खिशातून चावी काढून त्यानं टेबलावर ठेवली.
औषधांच्या कपाटाची.
‘ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. दोन दिवस.’

चावीला निळ्या सुतळीचा तुकडा होता.
मी मूठ कुठं ठेवणार होते?
गप राहिले. एक लाट. बराच वेळ काही नाही. मग दुसरी.
मग सरळ विचारलं,
हा प्रश्न वळसा घालून विचारायचा नसतो :
जीव द्यावासा वाटतो का?

‘रोज नाही,’ तो म्हणाला.

चहा मागवला. तो निवला.
त्याच्यासमोरच सरांना फोन केला, चावी त्यांच्याकडं गेली.
मुखेडहून बहीण आली संध्याकाळच्या एसटीनं,
डब्यात धपाटे, डोळ्यांत हजार प्रश्न, विचारला एकही नाही.
त्या रात्री तो एकटा नव्हता. एवढंच मी केलं.
लातूरच्या डॉक्टरांकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या,
पहिल्या आठवड्यात तो माझ्यावर चिडलेलाच होता.

पाचव्या शुक्रवारी आला.
बाहीला शेण, शर्टावर गवताच्या काड्या.
रजिस्टर आपल्याकडं फिरवून बघत राहिला.
‘जनावरच्या रकान्यात रेघ कशाला, मॅडम?
जनावरच हावोत की.’
आणि हसला. थोडंसंच, दात न दाखवता.

तो गेल्यावर शेऱ्याच्या रकान्यात
त्यांच्याच भाषेत दोन शब्द लिहिले,
दुखणं उतरू लागलं की ही पोरं लिहितात ते :
रवंथ सुरू.

पेन्सिलनंच लिहिलंय अजून.