सूर्योदय ते सूर्यास्त

मानमंदिराच्या दाराशी निळी पाटी आहे :
सूर्योदय ते सूर्यास्त.
खालच्या गोल तळघरात,
जिथं सूर्य उगवल्याचं कुणी पाहिलं नाही,
तिथंही वेळ हीच.

मी तिकिटाच्या खिडकीत बसतो.
घर जनकगंजात, घरात मराठी, गल्लीत हिंदी.
सकाळी उरवाई घाटीतून चढताना
कड्यात कोरलेले तीर्थंकर उभे असतात.
त्यांना हजेरी नाही, सुट्टी नाही.
मला दोन्ही आहेत.

लहान मुलांना फुकट.
पूर्वी तर सगळ्यांनाच फुकट होतं,
बनवारी म्हणतो, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन,
फक्त परतीचं तिकीट छापलेलं नव्हतं.
आणि स्वतःच हसतो. हा त्याचा रोजचा विनोद.

गाईड भिंतीवर टॉर्च मारत सांगतो :
राजपुत्रांना इथं रोज सकाळी
अफूच्या बोंडांचं पाणी पाजत.
ते प्यायल्याशिवाय जेवण नाही.
मारायचं नाही,
नुसता माणसातला माणूस
थोडा थोडा विरघळू द्यायचा.
सहलीतला एक मुलगा विचारतो,
"गोड असायचं का ते?"
गाईडला माहीत नसतं.
टॉर्चला वैतागून वटवाघळं जागा बदलतात.

शरबती मंगळवारी येते. डबऱ्याकडची.
मुलगा सेंट्रल जेलात. खटला चालू आहे,
म्हणजे तारखा चालू आहेत.
तिकडं मुलाखतीला नाव लिहायचं, नातं लिहायचं,
आधार कार्ड, रांग, मग जाळी,
मग वीस मिनिटं,
त्यातली पाच आवाज येतोय का हे विचारण्यात.
कधी नंबरच लागत नाही.
त्या दिवशी परतीच्या गाडीला तीन-चार तास असतात.
मग ती इकडं चढते.

एकदा सुट्टे नव्हते तिच्याकडं.
म्हटलं, राहू द्या मावशी, जा तशाच.
रागावली. पदराची गाठ सोडून
नाणं नाणं मोजून खिडकीत ठेवलं.
"इथं कुणाला भेटायचंय, कोण लागतो तुमचा,
हे कुणी विचारत नाही.
त्याचे पैसे देते मी."

खाली जाऊन करते काय?
एकदा खिडकी लावून मागोमाग गेलो.
काही नाही. भिंतीला पाठ लावून बसली होती.
तळव्यानं फरशी चाचपत होती,
अंथरूण घालण्याआधी बाया चाचपतात तशी,
ओल आहे का म्हणून.
मी आवाज न करता वर आलो.
तोपर्यंत खिडकीशी सात जण ताटकळले होते,
एकानं तक्रारवही मागितली.

संध्याकाळी बनवारी शिट्टी फुंकतो.
जिन्याच्या तोंडाशी वाकून ओरडतो, "कोई है?"
खालून तोच प्रश्न तीनदा वर येतो.
मग तो डोकी मोजतो,
सगळे बाहेर आले ना,
आणि मगच किल्ली फिरवतो.

तेव्हाही कुणीतरी इथंच उभा राहत असेल,
असाच दिवसभराचा दमलेला, घरी जायची घाई असलेला,
बोटांवर मोजत असेल,
सगळे आत आहेत ना.
त्याचाही पगार याच कामाचा.

गेल्या मंगळवारी शरबती सगळ्यांत शेवटी वर आली.
अर्ध्या पायरीवर थांबून बनवारीला म्हणाली,
"भैया, रोज सबको निकाल देते हो?"
"हाँ अम्मा, नियम है."
"कोई न निकले तो?"
"तो हाथ पकड़ के निकालते हैं."
तिनं मान हलवली, जणू
बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हिशेब बरोबर सांगितला.
तिकिटाचा तुकडा पदराच्या गाठीत घातला
आणि उताराला लागली.

बनवारीनं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.
खाली लष्करात दिवे लागत होते,
पण पश्चिमेला अजून थोडा सूर्य शिल्लक होता.
पाटीप्रमाणे पाहिलं तर
आम्ही दहा मिनिटं आधीच बंद केलं होतं.