रिकामं वजन

काट्यावर बसलो तेव्हा मी सहावी पास होतो.
सत्याऐंशी साल. मुकादम मोंजीने एकच विचारलं,
'हजाराच्या पुढे मोजता येतं?'
म्हटलं, मीठ संपेपर्यंत येतं.
तो हसला. लागलो कामाला.

आता उतरतोय,
तर माझ्या खुर्चीसाठी एकशे चौदा अर्ज,
स्फॅक्सपासून पार गाफ्सापर्यंतचे.
जाहिरातीत अट : पदव्युत्तर.
काट्याला कशाला ते?
साहेब म्हणाले, 'नाहीतर गठ्ठा कमी कसा करायचा, लझहर?'
आणि गठ्ठा माझ्याच पुढ्यात टाकला,
नीट लावून दे म्हणून.

भूगोल. कायदा. दोनदा मास्टर्स केलेला एक,
मधल्या चार वर्षांपुढे त्याने लिहिलंय 'संशोधन',
खाली खोडलेलं पुसट दिसतं : 'वाट पाहिली'.
एका मुलीचा प्रबंध मिठागरातल्या
गुलाबी शेवाळावर.
सदतीस वर्षं तो गुलाबी रंग मी बुटांना लावून
घरी नेतोय,
त्याला नाव आहे हे आज कळलं.
वाचत बसलो. चहा निवून गेला.

खालून नववा अर्ज उमैमाचा.

अक्षर आधी ओळखलं, फोटो मागून.
घरात अवाक्षर बोलली नाही पोरगी.
वडिलांचा व्यवसाय, या रकान्यात
'वजन करतात'. एवढंच.

तिच्या दुसऱ्या पदवीला
ऑलिव्हची सहा झाडं विकली मी,
बापाने लावलेली.
विकताना तिला म्हणालो होतो,
शीक, नाहीतर बसशील माझ्यासारखी काट्यावर.

दुपारी कोणी नव्हतं.
सगळा गठ्ठा उचलून काट्यावर नेऊन ठेवला,
आत येऊन आकडा पाहिला.
शून्य.
काट्याचा दोष नाही.
वीस किलोच्या खालचं त्याला दिसतच नाही,
ट्रकसाठी केलेला तो.

बाहेर हॉर्न वाजला.
धावत जाऊन कागद उचलले,
तिचा पुन्हा खालून नववाच ठेवला.
वर घ्यायला हात गेला होता,
खोटं कशाला सांगू.

ट्रक चढला. रिकामा.
रिकामं वजन आधी घ्यायचं असतं,
भरलेलं मग;
नाहीतर मीठ किती ते कधीच कळत नाही.
जी कोणी येईल तिला हे सांगावं लागेल.
शेवाळवालीला,
नाहीतर उमैमाला.
पुस्तकात नसावं बहुतेक.